आठवी टाकी

१

मुकादमांची हाक ऐकली आणि मी जिना उतरले तो एकाच पायात चप्पल घालून. "दादा! अहो दादा, उठा ना!" ते तळघरातून ओरडत होते, आणि त्या ओरडण्यावरूनच कळत होतं की दादा काही उठणार नाहीत.

आम्ही दोघी बहिणी त्या घरी पाहुण्या. द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यात तीन दिवस राहायचं, मळे बघायचे, वाईन चाखायची, एवढाच बेत. कल्पना माझी. सहल म्हटली की ताईच्या कपाळाला आठी पडते. ती तीस वर्षं कारखाना निरीक्षक होती. अपघात झाला की ही जाणार, यंत्राला हात लावून बघणार आणि मालकाच्या तोंडावर सांगणार की बाबा रे, तू खोटं बोलतोयस. निवृत्त झाली तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही.

तळघराला दहा पायऱ्या. आत दोन रांगांत आठ टाक्या, त्यांत द्राक्षांचा रस सालींसकट आंबत ठेवलेला. सात टाक्या सिमेंटच्या, छातीएवढ्या उंच. आठवी कोपऱ्यातली, जुनी, लाकडी, चांगली दोन पुरुष उंच, शिडी लावल्याशिवाय तिच्यात डोकावता येत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या टाकीच्या मधे मालक पालथे पडले होते. मुकादम त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसले होते.

ताई माझ्या मागोमाग आली. तिनं मालकांची नाडी बघितली, मग उगाच त्यांच्या बाह्या बघितल्या, तळवे बघितले. शर्ट पांढरा स्वच्छ, बाह्यांची बटणं लावलेली. एप्रन दारामागे खुंटीवर तसाच.

"गार पडलेत," ती म्हणाली. "दोन तास तरी झाले असावेत."

मालकीणबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. रडत नव्हत्या. कठड्याला धरून नुसत्या बघत होत्या.

मुकादमांनी मान वर केली. सत्तरीचा माणूस, पण चेहरा मार खाल्लेल्या पोरासारखा झाला होता. "आत्ता आलो तर पंख्याचं बटण बंद होतं, वहिनी," ते म्हणाले. "काल संध्याकाळी मी पंखा लावायलाच विसरलो. मी मारलं दादांना."

२

पंख्याचं प्रकरण असं, की रस आंबताना त्यातून वायू निघतो. दिसत नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड. तळघरात तो पाण्यासारखा साठत जातो. माणूस आत गेला की दोन-चार श्वासांत आडवा. म्हणून तोडणीच्या दिवसांत तळघराचा मोठा पंखा रात्रभर चालू ठेवायचा. संध्याकाळी सहाला टाक्यांवरचं काम आटपून तो लावायचा, हे चाळीस वर्षं मुकादमांचं काम. बटण वर स्वयंपाकघरामागच्या बोळात.

पूर्वी पंखा नव्हता तेव्हा पेटती मेणबत्ती गुडघ्याशी धरून उतरायचे. विझली की मागे फिरायचं. पंखा आला आणि मेणबत्त्या कपाटात गेल्या.

"पण पंखा बंद आहे हे मालकांना ऐकू आलं नाही?" मी विचारलं.

"त्यांना ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नव्हता," मुकादम म्हणाले. ते खरंच होतं. आदल्या दिवशी मालकांनी स्वतः आम्हाला गाडीतून सगळं खोरं फिरवलं होतं, आणि ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. काय काय दाखवलं त्यांनी! नदीकाठची वाळूची जमीन, तिथली हिरवी आंबट द्राक्षं. मधल्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, एकेका पायरीवर जेमतेम दोन ओळी वेलींच्या. आणि अगदी वर काळ्या दगडाचं पठार, वारा असा की उभं राहवत नाही. तिथल्या वेली त्यांच्या आजोबांनी लावलेल्या, मनगटाएवढ्या जाड. "एकाच खोऱ्यात तीन देश आहेत," ते मोठ्यानं म्हणाले होते. काल हे बोललेला माणूस आज फरशीवर पडलेला होता आणि बाहेर धुकं इतकं दाट होतं की अंगणापलीकडे काही दिसत नव्हतं.

डॉक्टर आले. वायूनंच गेले, म्हणाले, पहाटे पाचच्या सुमारास. मालक रोज पाचला उतरायचे. सकाळचं काम त्यांचं, संध्याकाळचं मुकादमांचं, ही वाटणी ठरलेली. फौजदारांना निरोप गेला, पण घाटात धुकं, त्यांना दोन तास तरी लागणार होते.

मग मालकांचा धाकटा भाऊ आला. त्याचं घर पलीकडच्या उतारावर. आल्या आल्या त्यानं मुकादमांची कॉलर धरली. "गेल्या महिन्यात नळ उघडा टाकलास, पिंपभर वाईन गटारात गेली. तेव्हाच म्हटलं होतं दादाला, याला घरी बसव! ऐकलं नाही. आता बघ!"

मुकादमांनी कॉलर सोडवूनसुद्धा घेतली नाही. "खरंय, धाकटे," एवढंच म्हणाले.

मी त्यांना पाणी नेऊन दिलं. ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "बाई, मला आठवतंय हो बटण दाबल्याचं. बोट टेकवलेलं आठवतंय. पण मला नळ बंद केल्याचंही आठवत होतं. मग आता कशावर भरवसा ठेवायचा? उद्या लेकीचं तोंड आठवलं तरी ते खरं की खोटं, कोण सांगणार मला?"

तुरुंगाची भीती त्यांना नव्हतीच. माणूस स्वतःच्याच डोक्याला घाबरला होता, आणि ते बघवत नव्हतं.

ताई मला बोळात ओढत घेऊन गेली. काही खटकलं की तिचे डोळे बारीक होतात, तसे झाले होते.

"चिमणे," ती हळू म्हणाली, "पंखा कालपासून बंद होता ना? मग आपण सगळे त्या तळघरात गेलो, तर जिवंत कसे राहिलो?"

३

ताईनं मुकादमांना बोलावलं.

"तुम्ही साडेसातला आलात. बटण बंद दिसलं. मग?"

"दाबलं आणि तसाच खाली पळालो."

"पंख्याला तळघर मोकळं करायला वेळ किती लागतो?"

"अर्धा तास कुठे गेला नाही."

"आणि तुम्ही अर्ध्या मिनिटात त्यांच्या शेजारी फरशीवर बसलेले. वायू तर खालीच साठतो. पाचला जो वायू एका धडधाकट माणसाला मारतो, तो साडेसातला तुम्हाला साधी चक्करही आणत नाही?"

मुकादमांनी तळघराच्या दाराकडे बघितलं.

"खाली चला," ताई म्हणाली. "मला टाक्या दाखवा."

मालकांना तोवर वरच्या खोलीत नेलं होतं. मुकादमांनी टाक्यांशी गेल्यावर जरा जीव धरला. कामाबद्दल विचारलं की माणूस सावरतो. आंबताना साली वर तरंगतात, त्यांनी समजावलं, त्यांचा जाड थर जमतो. तो थर दिवसातून दोनदा लाकडी दट्ट्यानं खाली दाबावा लागतो. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. नाही दाबला तर वरून सुकतो, फुगतो, आणि टाकी नासते. "घरात काही होवो, साली दाबायच्या. दादांचा मुलगा वारला ना तान्हा असताना, त्या दिवशीही दादा आणि वहिनी दोघांनी आधी साली दाबल्या, मग रडायला बसले."

"वहिनींना येतं हे काम?"

"वा! सून म्हणून आल्या त्या वर्षापासून. धाकट्यांनाही येतं. या घरात सगळ्यांनाच येतं."

"काल सहाला दाबलेल्या साली. तेरा-चौदा तासांनी कशा दिसायला हव्यात?"

"वीतभर फुगलेल्या. वरून कोरड्या, भेगा पडलेल्या."

ताईनं पहिल्या टाकीकडे बोट केलं. मुकादम वाकले. मग दुसरीत वाकले, तिसरीत, असं करत सातवीपर्यंत गेले. त्यांची चाल मंदावत गेली. सातही टाक्यांत साली सपाट होत्या, ओल्या, त्यांच्यावर जांभळा फेस अजून फुटत होता. मग त्यांनी शिडी लावली आणि सत्तरीचा तो माणूस सरसर आठवीवर चढला.

"ही फुगलीये," वरून त्यांचा आवाज आला. "हिला हात लागलेला नाही."

दट्ट्या धुऊन जागेवर टांगलेला होता. लाकूड अजून ओलं होतं.

"दादांनी दाबल्या असतील," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"बाह्यांना बटणं लावून? शर्टावर एक थेंब न उडवता?" ताई म्हणाली. "आणि वायू भरलेल्या तळघरात सात टाक्या दाबायला निदान पाऊण तास तो माणूस उभा राहिला? नाही गं. ते पहिल्या टाकीशी पोचले आणि पडले. नंतर कोणीतरी पंखा लावला, हवा मोकळी केली, आत आलं आणि त्यांच्या प्रेताला वळसा घालत घालत सात टाक्या दाबल्या."

मुकादम शिडी उतरून खाली आले.

"आणि जाताना पंखा बंद करून गेलं," ताई म्हणाली.

४

धाकटा अंगणात येरझाऱ्या घालत होता. ताईनं सरळ विचारलं, पहाटे कुठे होतात.

"पठारावर. तोडणी चालू आहे माझी, पाचपासून वीस माणसं आहेत बरोबर, विचारा कोणालाही. आणि तुम्ही कोण हो विचारणाऱ्या? पाहुण्या ना? नाश्ता करा, फोटो काढा आणि जा!"

"भावाशी भांडण होतं म्हणे."

"होतं! दहा वर्षं होतं. आजोबांच्या वेली उपटून नवीन लावू म्हणत होतो, तो नाही म्हणायचा. म्हणून मी त्याला मारीन?" बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "दहा वर्षांत मी त्याच्या तळघरात पाय ठेवला नव्हता. आज ठेवला."

वीस माणसांचं ऐकून मला वाटलं, झालं, याच्यावरचाही संशय गेला. ताईनं मात्र मान हलवली, जणू तिला ते आधीच माहीत होतं. "हा असता तर आठवी राहिली नसती," ती मला म्हणाली. "उंच, तरणाताठा माणूस. मुकादमही चढतात, आपण बघितलं. घाईत राहिली म्हणावं, तर घाईतला माणूस दट्ट्या धुऊन टांगत बसत नाही. ज्यानं सात दाबल्या त्याला आठवी दाबायची होती. त्याला चढता येत नव्हतं."

काल आलो तेव्हा खोल्या दाखवायला मालकीणबाई जिन्याशी थांबल्या होत्या. "वरचं तुम्हीच बघून घ्या हं, गुडघ्यानं वैताग दिलाय," असं म्हणाल्या होत्या.

"पण त्या तर म्हणतात मुकादमांच्या ओरडण्यानं जाग आली!"

"म्हणतात."

आम्ही माझ्या खोलीत बसलो होतो. खिडकी अंगणाकडे. खालून एकसुरी घरघर येत होती आणि माझं डोकं आधीच ठणकत होतं.

"हे मशीन बंद करायला सांग ना कोणाला तरी," मी वैतागून म्हटलं. "कालही हीच कटकट. नशीब मालकीणबाईंना सांगितलं, नाहीतर डोळ्याला डोळा लागला नसता. उजाडताना पुन्हा सुरू झालं मेलं, मी उशी घेतली कानावर."

ताई माझ्याकडे बघतच राहिली. तिची खोली मागच्या अंगाला, डोंगराकडे, तिला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय सांगितलंस तू मालकीणबाईंना?"

"जेवण झाल्यावर म्हटलं, ते खालचं मशीन फार आवाज करतं हो, झोप नाही यायची. त्या म्हणाल्या, बघते हं. आणि झालं बंद. मला वाटलं फ्रिजचं वगैरे..."

मी थांबले. खाली तो आवाज चालूच होता. मुकादमांनी सकाळी लावलेला पंखा.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. आई म्हणायची, एक दिवस ही जीभ कोणाचा तरी जीव घेईल. आई चिडली की असं काहीबाही बोलायची, आम्ही हसायचो.

"म्हणजे काल जेवणाच्या वेळी पंखा चालू होता," ताई सावकाश म्हणाली. "मुकादम विसरले नव्हते."

५

मालकीणबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. टेबलावर रिकामा कप. ताईनं दार लोटलं आणि त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसली. मी उभीच राहिले, मला बसायचा हक्क वाटेना.

"गुडघा कसा आहे?" ताईनं विचारलं.

त्यांनी वर बघितलं. त्या बाईला एवढं पुरलं.

"थोडा वेळ बंद करीन म्हटलं," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांचा डोळा लागला की लावीन. खुर्चीत बसले होते, जागी राहायला. दिवसभर तोडणीवर होते. कधी उठून अंथरुणावर पडले तेही कळलं नाही. सहाला जाग आली. शेजारी ते नाहीत. आणि सगळं शांत. अशी शांतता या दिवसांत आमच्या घरात नसतेच."

"मग?" ताईनं विचारलं.

"बटण दाबलं, दारं उघडली. आत जाता येईना. या खोऱ्यात आजवर तिघी गेल्या अशा नवऱ्याला बाहेर काढायला आणि त्यातल्या दोघी परत आल्या नाहीत, मला माहीत आहे ना. पायऱ्यांवर बसले. तिथून ते दिसत होते. अर्धा तास मी तिथून त्यांच्याकडे बघत बसले. मग आत गेले. हात लावला." त्यांनी कप सरकवला. "मग साली दाबल्या."

"का?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. "सकाळी दाबायच्या असतात," त्या म्हणाल्या.

"आणि पंखा पुन्हा का बंद केलात?" ताईनं विचारलं.

इथे त्या रडल्या. सकाळपासून पहिल्यांदा. "लोक काय म्हणतील? बायकोनं मारलं. धाकटे तर जन्मभर म्हणतील. मुकादम तसेही विसरतात... सगळ्यांना पटेल वाटलं. त्यांनाही पटेल."

"पटलं ना," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका कडक झालेला मी आयुष्यात दोन-तीनदाच ऐकला असेल. "चाळीस वर्षं तुमच्याकडे राबलेला माणूस सकाळपासून स्वतःला वेडा समजतोय. फौजदार येतायत. मी सांगू की तुम्ही सांगता?"

त्या टेबलाला धरून उठल्या.

अंगणात धुकं थोडं विरळ झालं होतं. फौजदार वही उघडून उभे होते, धाकटा भिंतीशी, मुकादम कट्ट्यावर हात जोडल्यासारखे बसलेले. मालकीणबाई लंगडत त्यांच्यासमोर गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं बोलल्या. मुकादमांकडे बघूनच बोलल्या, तेवढं मानलं मी. मधेच मी म्हटलं, "पंखा बंद करायला मीच सांगितलं होतं. तेही लिहा." फौजदारांनी ते लिहिलं. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला अजून झेपत नाही.

मुकादमांना आधी काही उमगलं नाही. मग ते उठले. "म्हणजे मी लावला होता?" त्यांनी ताईला विचारलं.

"सहाला. रोजच्यासारखा."

"विसरलो नव्हतो?"

"नव्हता विसरलात."

आणि ते हसले! वर मालक पडलेले, समोर त्यांची बायको रडतेय, आणि हा म्हातारा तोंड भरून हसला, टाळी वाजवायला हातसुद्धा उचलले त्यानं. मग वरच्या खिडकीकडे नजर गेली आणि उचललेले हात तसेच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

फौजदारांनी घसा खाकरला. "पंख्याचं काय ते पुढे ठरेल. पण मुकादम, बाईंनी जाणूनबुजून दोष तुमच्यावर ढकलला. तो वेगळा गुन्हा आहे. तुमचा जबाब लागेल. सकाळी बटण बंद कसं दिसलं, कोण काय बोललं, सगळं सांगा."

मालकीणबाईंनी मान खाली घातली. धाकटाही पुढे सरकला.

मुकादम फौजदारांच्या वहीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लिहा, साहेब. मुकादमानं संध्याकाळी सहाला पंखा लावला होता. बटण दाबल्याचं त्याला पक्कं आठवतं. लिहिलंत? वाचून दाखवा."

फौजदारांनी वाचून दाखवलं. मुकादमांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि मान डोलावली.

"आणि सकाळचं?"

त्यांनी वहिनींकडे बघितलं, मग फौजदारांच्या हातून वही घेऊन अंगठा नव्हे, नीट सही केली.

"सकाळचं काही आठवत नाही, साहेब," ते म्हणाले. "वय झालं आता."